सुपातून उडालेलं ‘म्हणून’

एकदा काय झालं, एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कडेवाडी त्याचं नाव. गावातली माणसं कड्यावरून दोर सोडायची आणि मध काढायची. तिथं दोन भाऊ राहायचे. थोरला बुधा, धाकटा लखमा. बुधा शांत. आणि लखमा म्हणजे, बरं का, आधी उडी मारणार आणि मग खाली काय आहे ते बघणार. शाळेत चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी खिडकीतून घरी आला.

होळी झाली आणि बुधाचं लग्न लागलं. घरात वहिनी आली, सकवार नावाची. मग उन्हं तापली, झरा आटला. मग एका सकाळी बुधा मध काढायला कड्यावर गेला. त्याच्या पायाखालचा दगड निसटला.

नाही रे बाळा, या गोष्टीत बुधा परत येत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाट बघत जागा राहणार नाहीस.

लखमाला काही सुचेना. ताटात भाकरी आली की तो सवयीनं तिचे दोन तुकडे करायचा, आणि एक तसाच पडून राहायचा.

दिवसकार्य आटोपलं आणि गाव पारावर जमलं. म्हादबा कारभारी बोलायला उठला. त्याचा आवाज इतका गोड, की ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप डोलायच्या. तो काय म्हणतोय, तिकडे कुणी बघायचंच नाही.

म्हादबा म्हणाला, “मंडळी, ही पोर गावात आली. मग झरा आटला. मग आपला बुधा गेला. म्हणून सांगतो, हिचा पाय पांढरा आहे. उद्या दिवस मावळायच्या आत हिनं गाव सोडावं.”

आता ती जाणार कुठे? माहेरी आईबाप नव्हते. मामानं लग्न लावून दिलं होतं आणि मागून दार लावून घेतलं होतं.

लखमा ताडकन उठला. “काका, अहो, झरा दर उन्हाळ्यात आटतो.”

“यंदा लवकर आटला.”

“मागल्या साली याहूनही लवकर आटला होता. तेव्हा वहिनी कुठं होती?”

“मागलं कशाला उकरतोस? आणि चार दिवस शाळेत गेलेला तू, तुला काय कळतंय?”

“शाळेचा आणि झऱ्याचा काय संबंध?”

“बघा, उलट बोलतो,” म्हादबा गावाकडे वळून म्हणाला. “म्हणजे याच्यावरही तिची सावली पडली.”

सगळ्यांच्या माना डोलल्या. लखमानं कपाळावर हात मारून घेतला. मग तो जो निघाला तो थेट रानात. सकवार मागून म्हणत होती, “भाऊजी, जेवून तरी जा.” पण ऐकतोय कोण.

रानात एका कातळावर एक म्हातारी बसली होती. केस इतके लांब की कातळावरून खाली ओघळलेले. ती सूप पाखडत होती. सुपात काही नव्हतं.

“हिला काय झालंय आता,” लखमा वैतागून म्हणाला. “आज जिकडे बघावं तिकडे सगळे येडेच. आजी, रिकामं सूप काय पाखडतेस?”

“रिकामं नाही रे. माणसं बोलतात ना, ते पाखडते. भरीव बोलणं सुपात राहतं, पोकळ उडून जातं.”

“मग दे इकडे.”

“घे. पण एक ऐक. दुसऱ्याचं पाखडलंस की शेवटी—”

लखमा तोवर अर्धा उतार उतरला होता. म्हातारी मागून ओरडली, “शेवटी आपलंही पाखडावं लागतं.” ते त्यानं ऐकलंच नाही.

मग दुसरा दिवस कलला. सकवार बोचकं काखेला मारून पारापाशी उभी होती. लखमा सूप घेऊन धावत आला.

“काका, काल बोललात ते परत बोला.”

म्हादबाला काय, बोलायला आवडायचंच. “ही गावात आली. झरा आटला. बुधा गेला. म्हणून हिचा पाय पांढरा.”

आणि काय नवल, एकेक शब्द टपकन दाणा होऊन सुपात पडला. लखमानं पाखडलं. ‘ही गावात आली’ राहिला. ‘झरा आटला’ राहिला. ‘बुधा गेला’ हा तर इतका जड होता की सूप खाली गेलं. पण ‘म्हणून’ तेवढं वर उडालं, आतून पोकळ, आणि त्याच्या मागोमाग पांढरा पायही उडाला.

“बघितलंत? हे झालं, ते झालं, सगळं खरं. पण यामुळे ते झालं, हे कुणी सांगितलं? ती आल्यावर माझी शेळीही व्याली. ते का नाही कुणी तिच्या नावावर घालत?”

गाव कुजबुजलं. म्हादबा घसा खाकरून म्हणाला, “एकटा मी म्हणत नाही. अख्खं गाव म्हणतंय. गाव काय येडं आहे?”

“हो, हो, पांढराच पाय,” अख्खं गाव म्हणालं आणि सुपात दाण्यांचा पाऊस पडला. लखमानं पाखडलं तर भुर्रकन सगळं उडालं. एकाच शेंगेची टरफलं ती.

लखमानं येसूमावशीला विचारलं, “मावशी, तुला कुणी सांगितलं?” “मला धुरपदीनं.” “धुरपदी, तुला?” “आमच्या ह्यांनी.” “भाऊ, तुम्हाला?” “म्हादबानं.” “आणि काका, तुम्हाला?”

म्हादबा म्हणाला, “मला येसूनं.”

येसूमावशी म्हणाली, “अगंबाई.”

मग म्हादबा चिडला. “अरे, तिच्याकडे बघा तरी. नवरा गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही. मनात पाप आहे.”

“काका, ती रडत होती तेव्हा तुम्हीच म्हणालात, ढोंग करते.”

“ढोंगच करत होती.”

“मग तिनं करावं काय? रडली तरी वाईट, नाही रडली तरी वाईट. ती निर्दोष असती तर कशी दिसली असती, तेवढं सांगा.”

म्हादबानं तोंड उघडलं. बोलायची सवयच ना. नुसतं भूस बाहेर आलं आणि त्याच्या मिशीवर बसलं. पारावरची पोरं फिदीफिदी हसली.

मोठी माणसं हसली नाहीत. ती जमिनीकडे बघत राहिली. मग येसूमावशी उठली, सकवारच्या काखेतलं बोचकं काढून घेतलं आणि म्हणाली, “चल गं, चूल पेटवायची वेळ झाली.” आणि तिला घरी घेऊन गेली.

संपली गोष्ट? नाही, थांबा. थोडी राहिली.

लखमा घरी आला. सूप ठेवायला गेला तर ते हाताला चिकटलेलं. ओढलं, आपटलं, उंबऱ्यावर घासलं. सुटेना. मग तो रडकुंडीला येऊन खाली बसला आणि कुणालाही न सांगितलेलं बोलून गेला.

“त्या सकाळी मी दादाशी भांडलो. घोंगडीवरून. म्हणालो, जा, परत तोंड दाखवू नकोस. म्हणून दादा गेला.”

दाणे सुपात पडले. सकवार चुलीपाशी होती. ती उठून आली, समोर बसली. म्हणाली, “पाखडा भाऊजी.”

“नको.”

“माझ्यासाठी गावाचं पाखडलंत ना? मग हेही पाखडा.”

लखमानं पाखडलं. ‘मी भांडलो’ राहिला. ‘दादा गेला’ राहिला. ‘म्हणून’ वर उडालं.

आणि लखमा, बरं का, ते धरायला धावला. दोन्ही हात वर करून, सुपासकट. कारण ते गेलं की हाताशी काहीच उरत नव्हतं. नुसता एक दगड निसटला होता आणि दादा नव्हता. पण ‘म्हणून’ धुरासारखं कौलांतून निघून गेलं.

“जाऊ द्या,” सकवार म्हणाली. मग ती रडली, आणि तोही रडला. ते ढोंग आहे असं म्हणायला तिथं कुणी नव्हतं. रडता रडता सूप कधी हातातून गळून पडलं ते लखमाला कळलंही नाही.

मग सकवार त्याच घरात राहिली, सुखानं राहिली. लखमा कड्यावर जायचा, पण आधी दगड दाबून बघायचा. आपल्या वेळेला झऱ्याला पाणी आलं. तेव्हा म्हादबा पारावर गोड आवाजात म्हणाला, “बघा, सकवारचा पाय किती चांगला, म्हणून झरा आला.” आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. लखमानं पुन्हा कपाळावर हात मारून घेतला आणि सूप आणायला घरी गेला.

चला, आता झोपा. मी सांगते म्हणून नको. डोळे मिटायला लागलेत, म्हणून झोपा. ते भरीव आहे, हवं तर पाखडून बघा.