कापलेले श्वास

एकदा एका वृद्ध गोंधळ्याचा शिष्य मोठ्या अस्वस्थतेत सापडला. गुरूंचे देवीचे गाणे त्याने ध्वनिमुद्रित केले होते आणि त्याखाली संगणकावर घडवलेला एक हलका सूर जोडला होता. जत्रेत संध्याकाळी ते वाजायचे होते. अर्थात गुरूंनी होकार दिला तरच. पण काही केल्या दोहोंचा मेळ बसेना. सूर वाढवला की गाणे बुडे, कमी केला की तो परका वाटे. सकाळपासून त्याला अन्न गोड लागले नव्हते. बोटे यंत्रावरून हटत नव्हती.

अखेर दुपारी तो यंत्र घेऊन गुरूंपुढे बसला.

"आबा, ऐका. पण लगेच नाही म्हणू नका."

"तू लाव तर. माझ्या काही अंगात येणार नाही."

गाणे सुरू झाले, तसा वृद्ध आपल्याच आवाजाबरोबर गाऊ लागला. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीला चेहरा लाल झाला, पुढे ठसका लागला, तरी तो थांबेना. शिष्याने घाबरून गाणे बंद केले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आबा, हे काय! जीव द्यायचाय का?"

"तुझ्या पेटीतला म्हातारा भलताच दणकट," वृद्ध धापा टाकीत हसला. "दमच खात नाही. माझा दम कुठं ठेवलास?"

शिष्य ओशाळला. "ओळीआधी तुमच्या श्वासाची घरघर यायची. स्वच्छ वाटावं म्हणून कापली, अन् जागा सांधून टाकली."

"इतकी वर्षं माझ्यामागं झील धरतोस. केव्हा धरतोस?"

"तुमचा श्वास संपत आला की."

"मी दम घेतो तेवढा वेळ झीलकरी गाणं सांभाळतो. तुझ्या या नव्या सुरालाही तेच काम दे. गोड आहे तो. पण बिचाऱ्यानं शिरावं कुठून? मी थांबतो ती फटच तू बुजवलीस."

शिष्याने तिथेच बसून एकेक श्वास परत घातला. आता ओळ संपे, घरघर होई आणि तिच्याआडून तो हलका सूर वर येई. आवाज परतला की मागे सरे. सवयीने त्याचा हात सूर वाढवायला गेला आणि आपोआप मागे आला.

"संध्याकाळी लाव," वृद्ध डोळे मिटून म्हणाला. "अन् मला जवळ बसव. याच्याबरोबर गाता येईल मला."

ज्याच्याशी आपल्याला जुळवून घ्यायचे आहे, त्याचा श्वास आपणच तर कापला नाही ना, हे आधी पाहावे.