काळी एक आणि तिसरीचा वर्ग

"पेटी बरोबर, तर मग मुलं बेसूर का?"

देवस्थळी मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

हुसेनचाचांनी बाजाच्या पेटीचं झाकण लावलं. पेटीतून एक झुरळ निघालं होतं, तेवढं खिडकीबाहेर सोडलं. ते सोडलं तर पेटीत खोट नव्हती.

पेट्या दुरुस्त करण्यात चाचांची पन्नास वर्षं गेली. मिरजेचे भलेभले गवई त्यांच्यापुढे पेटी ठेवून गुमान मांडी घालतात. मास्तर मात्र उभेच. संगीत विशारद, तेही पहिल्या वर्गात. विशारदाला प्राथमिक शाळेचा बाक लहानच पडायचा.

तिसरीत चाळीस पोरं. महिनाभर नुसता 'सा' चालला होता. 'रे' अजून कुणी पाहिला नव्हता. निम्मी पोरं रेड्यासारखी रेकत, निम्मी किंचाळत, आणि शेजारी चौथीचे पाढे चुकत. मुख्याध्यापिका शिंगटेबाईंनी निक्षून सांगितलं होतं, आज शेवटचं ऐकते. जमलं नाही तर सोमवारपासून या तासाला गणित. गाण्याचा तास गेला की मास्तरही गेले. म्हणून तर पेटीवर खापर फोडायला चाचांना बोलावणं धाडलं होतं.

"'सा'ला पट्टी कुठली धरलीत?"

"काळी एक." मास्तरांनी कानाची पाळी धरली. "आमच्या गुरुजींची. त्यांच्या गुरुजींचीही हीच."

"गुरुजींना मिशा होत्या?"

"होत्या की. भरघोस."

"आणि ह्यांना?"

मास्तरांनी चाळीस ओठांवरून नजर फिरवली.

कोपऱ्यात मैना गवंडी बसली होती. नाव मैना ठेवलेलं, पण महिन्याभरात चोच उघडली असेल तर शपथ. चाचांनी तिला आईचं विचारलं. आई मेथी विकते, डोक्यावर पाटी घेऊन, आणि सुट्टीच्या दिवशी ही सोबत असते. मग आई दमली की हाक कोण मारतं? पोरगी मास्तरांकडे बघून खाली बघू लागली.

चाचांनी मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायची विनंती केली. मास्तर राहिले. विशारदाच्या परीक्षेत हा विषय नसावा. वर्ग मात्र जाम खूश झाला.

"आता मार हाक."

"मेथीऽऽऽ घ्या मेथीऽऽऽ"

माडीवर झोपलेली बाई पैसे शोधायला उठेल, अशी हाक. शेवटचा सूर सरळ, वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ.

चाचांची बोटं पेटीवर चालू लागली. काळी एक? नाही. काळी दोन? नाही. तीन, चार... काळी पाचवर बोट टेकलं आणि हाक कुठली, पेटी कुठली, कळेनासं झालं.

चाचांनी बोट उचललं नाही. वर्गाला म्हणाले, समद्यांनी विका.

चाळीस पोरांनी मेथी विकली. पहिल्या खेपेला बाजार भरला. दुसऱ्या खेपेला भाव ठरला. तिसऱ्या खेपेला चाचांनी मेथी काढून घेतली, शेवटचा सूर तेवढा ठेवला, आणि त्यावर 'सा' म्हणायला लावलं.

चाळीस गळ्यांचा एक 'सा' उभा राहिला. खिडक्यांना काचा असत्या तर वाजल्या असत्या. चौथीचे पाढे सतरा चोकवर थांबले. आणि सगळ्यांच्या वर, मान ताठ करून, मैना.

शिंगटेबाई दारात केव्हाच्या उभ्या होत्या. हातात नवं वेळापत्रक होतं. ते त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये कोंबलं. सोमवारी 'रे' ऐकायला येते, म्हणाल्या, आणि जाताना जिन्यात 'सा' लावून बघत गेल्या. लागला नाही, पण हौस बघा.

पोरांनी बाक बडवले.

मास्तर भिंतीकडून वळले. डोळे भरलेले. त्यांनीही पोरांच्या सुरात सूर घालायला तोंड उघडलं. काळी पाच. गळा वर चढला, फाटला, खाली पडला. वर्ग पोट धरून हसला.

मास्तरही हसले. मग पहिल्यांदाच त्या लहान बाकावर गुडघे दुमडून बसले.

"चाचा, इथून माझा गळा लागत नाही."

"दिसलं."

"मग ह्यांना मी शिकवू कसं?"

चाचांचा डावा हात अजून पेटीमागच्या भात्यावर हलत होता. मास्तरांचा हात धरून त्यांनी तो तिथं ठेवला आणि आपला काढून घेतला; काळी पाचचा सूर तुटला नाही.

"भात्याला कुठं गळा असतो, मास्तर?"