लसूणघास आणि राजघास

फार फार वर्षांपूर्वी माळरानावरच्या एका राज्यात, राजाच्या पागेवर एक म्हातारा मोतद्दार होता. घोड्यांची चाकरी करण्यात त्याचा जन्म गेला होता. जनावरांशी तो तासन् तास बोले. मोठ्या माणसांपुढे मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागे.

त्या उन्हाळ्यात माळावरचं गवत करपून गेलं. हिरवा उरला तो विहिरीकाठच्या वाफ्यांतला लसूणघास. नावात लसूण असला, तरी लसणाशी त्याचं काही नातं नाही. तीन-तीन पानांचा, जांभळ्या फुलांचा हा चारा कापावा तितका पुन्हा फुटतो. गाईला दूध देतो, घोड्याला बळ देतो. मोतद्दाराची लाडकी घोडी पारवी तेव्हा गाभण होती, आणि पोटातल्या शिंगराची सारी भिस्त या घासावर होती.

अशात राजमाता आजारी पडल्या. त्या बऱ्या होईपर्यंत वाड्यात कांदा-लसूण येणार नाही, असा राजाने नवस बोलला. कारभाऱ्यांनी तो इतका मनावर घेतला, की दुसऱ्याच दिवशी पागेकडे निघालेली घासाची गाडी वाड्याच्या दारात अडवली. मोतद्दार म्हणाला, यात लसूण नाही, हवं तर वास घेऊन बघा. कारभारी म्हणाले, नाक माझं असलं तरी हुकूम राजाचा आहे. नावात लसूण आहे ना, मग झालं.

पागेत नुसता वाळका कडबा येऊ लागला. पंधरा दिवसांत पारवीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मोतद्दाराचा जीव तिळतिळ तुटे. राजाच्या कानावर घालावं म्हणून तो रोज निघे, आणि रोज दरबाराच्या पायरीवरून परत फिरे. शेवटी त्याने सोपी वाट धरली. गाडी तीच, घास तोच. दारात विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हा राजघास."

कारभाऱ्यांचा चेहरा खुलला. गाडी वाजतगाजत आत गेली म्हणा ना!

आता, मोतद्दाराची एक रीत होती. सकाळी कापलेला घास तो दुपारपर्यंत सावलीत सुकू देई, मग कडब्यात मिसळून थोडा थोडा घाली; ओला घास एकदम खाल्ला, की जनावराचं पोट फुगतं. कारभाऱ्यांना वाटलं, राजाच्या नावाचा चारा आणि तो कोमेजलेला, वर कडब्यात कालवलेला? हा तर अपमानच. दुसऱ्या दिवशी मोतद्दार विहिरीवर गेलेला पाहून त्यांनी भुकेल्या घोड्यांच्या गव्हाणी ओल्या, ताज्या घासाने काठोकाठ भरून घेतल्या.

मोतद्दार परतला तेव्हा पारवीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. वेदनेने ती लोळायला बघत होती. त्याने तिला खाली बसू दिलं नाही. लगाम धरून तो तिला दिवस कलेपर्यंत अंगणात फिरवत राहिला. गलका ऐकून राजा स्वतः पागेत आला, आणि त्या दिवशी म्हाताऱ्याच्या तोंडाचं कुलूप उघडलं. त्याने पहिल्यापासूनचं सगळं सांगितलं.

राजाने विचारलं, "हे मला आधीच का नाही सांगितलंस?"

"महाराज, समजावून सांगण्यापेक्षा नाव बदलणं सोपं वाटलं. एका नावाने माझी पारवी उपाशी राहिली, दुसऱ्या नावाने तिचं पोट फुगलं. पहिलं नाव जुनंच होतं. दुसरं मी ठेवलं."

राजाने गव्हाणीतली एक काडी उचलून चावून पाहिली आणि कारभाऱ्यांकडे वळून म्हणाला, "उद्यापासून महिनाभर घास तुम्ही कापायचा. सुकवायचा आणि कालवायचाही तुम्हीच."

पारवी वाचली. शिंगरू मात्र दिवस भरण्याआधी आलं, आणि एका पायाने अधू राहिलं. मोतद्दार रोज तो पाय चोळी, त्याला हाताने घास भरवी. हे काय खातं, असं कुणी विचारलं, की सगळी हकीकत ऐकवल्याशिवाय तो त्या माणसाला सोडत नसे.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: नाव बदलून वेळ निभावते, पण खरं समजावून सांगितल्याशिवाय कुणाचं भलं होत नाही.