कोंडिबाची ओटी

एका गावात एक भोळा घोंगडीवाला राहत होता. नाव कोंडिबा. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून चिडतात.

घोंगडी तो झकास विणायचा. पण सांगितलेलं इतकं मनापासून ऐकायचा, की सांगणाराच डोकं धरून बसायचा. "जरा थांब" म्हटलं, तर बोलावायला जाईपर्यंत हा तिथेच उभा.

बायको हौसा. आई ठकूबाई. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलेना. ठकूबाईने हौसाला पिंपळाला फेऱ्या घालायला लावल्या, उपास धरायला लावले, कडू काढे पाजले, बुवाचा अंगारा चाटवला. कोंडिबाला मात्र रोज दूधभाकरी. मूल बाईच्या पोटातून येतं, त्यात गड्याचा काय संबंध, असं सगळ्या गावाचं शास्त्र. शेवटी ठकूबाईने सुनेला बजावलं, "जत्रेपर्यंत गोड बातमी आली नाही, तर दुसरी सून आणीन."

हौसा रडली. मग डोळे पुसले आणि नवऱ्याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पालेभाजी खा, कडधान्यं खा, गोळी चुकवू नका. तंबाखू बंद. आणि कोंडिबा, तुझीही तपासणी करायची."

"मला काय झालंय?"

"ते तपासल्यावर कळेल. मूल एकटीचं नसतं, दोघांचं असतं. जे हिला, तेच तुला. एवढं ध्यानात ठेव."

कोंडिबाने मान हलवली. उपरण्याला गाठ मारली.

पुढच्या शुक्रवारी ठकूबाईने हौसाची ओटी भरायला पाच सवाष्णी बोलावल्या. हौसा पाटावर बसली. कोंडिबाने दुसरा पाट ओढला, तिच्या शेजारी मांडी घातली आणि धोतराचा सोगा पसरला.

"हे काय रे?" ठकूबाई ओरडली.

"माझी पण भरा. खण जरा मोठा बघा. माझी बंडी व्हायला पाहिजे."

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. त्यातली शेवंताकाकू मुलखाची वस्ताद. तिने खरंच त्याच्या सोग्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "लवकर डोहाळे लागू देत रे बाबा!"

"लागले की सांगतो काकू," कोंडिबा म्हणाला.

बायका गेल्यावर ठकूबाईने कपाळ बडवून घेतलं. "अरे मुडद्या, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! काही करायच्या आधी चार मोठ्या माणसांना विचारत जा."

कोंडिबाने मान हलवली. उपरण्याला गाठ मारली.

तपासणीचा दिवस आला. कोंडिबा न्हाऊनधुऊन निघाला, तो थेट चावडीवर. गावातली सगळी मोठी माणसं तिथे पान खात बसलेली.

"रामराम मंडळी. मूल कुणामुळे अडलंय ते बघायला डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलंय. जाऊ का? आणि तुमच्यापैकी कोण कोण जाऊन आलंय?"

एकजण खोकला. एकाला एकदम म्हशीची आठवण झाली, तो उठून गेला. मधोमध तात्या पाटील बसले होते. मुलासाठी त्यांनी एकामागून एक तीन बायका केल्या होत्या. तिन्ही वांझ निघाल्या, असं तात्यांचं म्हणणं.

कोंडिबा त्यांच्याकडे वळला. "तात्या, तुम्ही तर सगळ्यात आधी जायला पाहिजे होतं."

तात्या मिशीच्या टोकापर्यंत लाल झाले. "गाढवा! असल्या गोष्टी चव्हाट्यावर बोलतात का? घरात बोलाव्यात, दाराला कडी लावून!"

कोंडिबाने मान हलवली. उपरण्याला गाठ मारली. जा असं कुणी म्हटलंच नाही, म्हणून तसाच घरी परतला.

तपासणी राहिली ती राहिलीच. जत्रा आली नि गेली. ठकूबाईने शेजारच्या गावात रंगरावांची मुलगी हेरली आणि बोलणी करायला पुढे जाऊन बसली. कोंडिबाला निरोप आला, मुलगी बघायला ये.

घरात हौसा पेटी भरत होती.

"कुठे निघालीस?"

"माहेरी. तुम्हाला दुसरी आणतायत ना? मग माझं इथे काय काम?"

कोंडिबाने उपरण्याची पहिली गाठ चाचपली. "मला दुसरी. मग तुला?"

"मला काय मिळायचंय?"

"असं कसं? चल, बस गाडीत."

रंगराव म्हणजे भरघोस मिशांचा गडी. बायको वारलेली. पोह्यांच्या बश्या नुकत्याच फिरल्या होत्या, तेवढ्यात कोंडिबा हौसाला घेऊन आत आला. वळला आणि दाराला कडी लावली.

"ही कोण?" रंगरावांनी विचारलं.

"माझी बायको."

ठकूबाईने पोह्यांची बशी बाजूला सारली. "हिला कशाला आणलंस?"

"थांब आई. रंगराव, तुम्ही या घरातले मोठे, म्हणून आधी तुम्हालाच विचारतो. मूल होईना म्हणून मला दुसरी बायको बघतायत. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, दोघांना सारखंच. मग हिला दुसरा नवरा बघायला नको का? अडलंय कुणामुळे, ते तर अजून कळलेलं नाही. तुम्ही एकटे आहात. घर ऐसपैस आहे. ही वरण जरा पातळ करते, पण स्वभावाने गुणी आहे. एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकून टाकू."

रंगरावांच्या हातातली बशी खाली पडली. हौसाने हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे खांदे गदगदत होते.

"ठकूबाई!" रंगराव गरजले. "हे ध्यान उचला आणि चालत्या व्हा! पोरगी जन्मभर घरात ठेवीन, पण तुमच्याकडे देणार नाही!"

ठकूबाई पोराच्या अंगावर धावली. "मेल्या, काय बोललास हे! अरे, तुझं यांच्या पोरीशी आणि हिचं यांच्याशी लागलं, तर ही माझी कोण लागेल, कळतं का तुला?"

कोंडिबा बोटांवर नाती लावत बसला. एक बोट मिटलं, एक उघडलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने हौसाला हाताला धरून ठकूबाईसमोर आणून उभी केली.

"विहीण लागेल की! घे आई, गळाभेट घे."