गुडघ्यात शिरलेला चोर

माणसं नुकतीच मेंढ्या पाळायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. कळप राखणाऱ्या एका कुत्र्याच्या रक्तात जोत्याजी नाईक आपल्या पहारेकऱ्यांसह गस्त घालायचा. चोर ओळखायचा तो अंगरख्यावरून, अशी त्यांची रीत. एकदा कुत्र्याला गोचीड चावली आणि तिच्या तोंडातून तांबड्या अंगरख्याचा एक चोर आत शिरला. पहारेकरी मागे लागताच त्याने अंगरखा बदलला आणि गुडघ्यात दडी मारली.

नाईक घाबरला. आता ओळखायचं कसं? प्रत्येक सावलीत त्याला चोरच दिसू लागला.

"दिसेल त्याला झोडा!" तो ओरडला, आणि गुडघ्यात काठ्या चालल्या.

गुडघ्याची गादी विणणारी साळूबाई रडत त्याच्यापुढे आली. "नाईक, चोरानं इथला एक टाकासुद्धा उसवला नाही. हे सगळं तुमच्या माणसांनी फाडलंय."

नाईकाने पाहिलं आणि तो हादरला. "थांबा! थांबा!" पण काठ्यांच्या आवाजात त्याचं कुणी ऐकेना.

तेवढ्यात बाहेरून मेंढ्यांचा आक्रोश ऐकू आला. लांडगा आला होता. कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकला, उठायला गेला, आणि त्याला उठता येईना.