तीन वेळा ‘नाही’

एकदा एका तालुक्याच्या गावी एक विद्यार्थिनी गुरूच्या शोधात निघाली. अशा कथांतल्या शिष्यांना सहसा नाव नसतं आणि त्यांना सहसा आत्मज्ञान हवं असतं. हिचं नाव तृप्ती होतं आणि हिला रसायनशास्त्राची शिकवणी हवी होती.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा सामान्य रसायनशास्त्राचा पेपर तिचा राहिला होता. ऑक्टोबरात तो पुन्हा द्यायचा होता. त्या खेपेला सुटला नाही तर कॉलेज बंद, असं घरी ठरलं होतं. आणि घरी ठरलं म्हणजे तिला न विचारता ठरलं. थोरल्या बहिणीचंही असंच ठरलं होतं. ती आता दोन लेकरांची आई होती आणि बारावीचं भूगोलाचं पुस्तक तिने अजून रद्दीत दिलेलं नव्हतं.

गावात शिकवण्यांना तोटा नव्हता. चौकात नुसती मान वर केली तरी कुठल्या ना कुठल्या क्लासच्या फ्लेक्सवरचे टॉपर हसताना दिसत. पण यांतला शिकवतो कोण आणि नुसता हसरे चेहरे छापतो कोण, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. आई म्हणाली, “बापूसरांना विचार. ते सांगतील त्याच्याकडे लाव.”

बापूसर म्हणजे गावातले ज्ञानी पुरुष. हयातभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता शिकवण्या घेत नसत. विद्या विकायची वस्तू नव्हे, असं त्यांचं मत होतं. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर खुर्ची टाकून ते निवृत्त मंडळींना दृष्टांत सांगत आणि मंडळी माना डोलावत. विद्या विकू नये हे ठीकच. पण फुकट द्यायलाही त्यांना कुणी अडवलं नव्हतं, हे त्या ओसरीवर कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तृप्ती तिथे गेली. नमस्कार करून उभ्या उभ्याच तिने आपली अडचण सांगितली. बापूसरांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले,

“बाळ, गावात शिकवणारे दोघेच आहेत. बाकीचे त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स विकतात. दोघांच्याही एकेका तासाला जाऊन बस. आणि त्यांनी ‘समजलं का’ असं विचारलं, की ‘नाही’ म्हण. तीन वेळा. मग मला येऊन भेट.”

“पण समजलं तर?”

“समजणार नाही,” बापूसर म्हणाले. ओसरीवर हशा पिकला. शेजारी बसलेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “वा, काय बोललात.”

तृप्तीला त्यात वाहवा करण्याजोगं काही दिसलं नाही. पण मोठ्यांनी कोड्यात सांगितलं की लहानांनी निमूट करायचं असतं, हे तिला पहिलीपासून शिकवलेलं होतं. ती गेली.

पहिला क्लास एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. डेमो लेक्चर होतं. संचालक स्वतः माइक लावून शिकवत होते. विषय होता बफर द्रावण. “ज्यात थोडं आम्ल किंवा थोडी आम्लारी टाकली तरी ज्याचा पीएच फारसा बदलत नाही, त्याला बफर म्हणतात. लिहून घ्या. आयएमपी आहे. समजलं का?”

“हो सर,” असा एका सुरात आवाज झाला. सकाळच्या प्रार्थनेला निघतो तसा. त्यात अर्थ नसतो, सूर असतो.

तृप्तीने हात वर केला. “नाही सर. का बदलत नाही?”

“बफर आहे म्हणून बदलत नाही. व्याख्याच ती आहे. समजलं का आता?”

“नाही सर.”

सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, माइक जरा तोंडाजवळ घेऊन. न समजणं हा कानाचा दोष असावा, असा त्यांचा समज दिसला. “आता तरी?”

“नाही.”

“ताई, तुम्ही चुकून आर्ट्सच्या बसमधून उतरलात का?”

सगळा हॉल हसला. मागच्या बाकावरची जी मुलं हसली, त्यांतल्या एकालाही बफरचा पीएच का बदलत नाही हे माहीत नव्हतं. हे तृप्तीला माहीत होतं, त्या मुलांना माहीत होतं आणि बहुधा सरांनाही माहीत होतं. तरी लाल झालेलं तोंड तेवढं तिचं होतं.

दुसरी शिकवणी तिच्याच कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या घरी होती. हे गृहस्थ कॉलेजात जो भाग ‘तुम्ही वाचून घ्या’ म्हणून सोडून देत, तोच घरी नीट शिकवत. तिथे सात-आठ जण सतरंजीवर बसले होते. योगायोग असा की इथेही बफरच चालला होता. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं. असेटिक आम्ल, सोडियम असेटेट, बाण इकडे, बाण तिकडे. “समजलं का?”

“नाही सर,” तृप्ती म्हणाली. तिला खरंच समजलं नव्हतं.

सरांनी सुस्कारा सोडून पुन्हा सांगितलं. बाण तेच, आवाज थकलेला.

“नाही सर.”

“अगं, यात न समजण्यासारखं काय आहे?”

या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर असतं? काय समजलं नाही हे समजलं असतं, तर निम्मं समजलंच असतं. तृप्ती तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणाली, तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

सर खडू ठेवून तिच्याकडे बघत राहिले. “वडील काय करतात?”

“पिठाची गिरणी चालवतात.”

“मग सायन्सचा हट्ट कशाला धरायचा आपण?” सर म्हणाले. आता रागाने नव्हे, अगदी मायेने. तिला हे अधिक लागलं. अपमान मायेने केला की तो परतही करता येत नाही.

ती उठली. निघताना तिने सांगितलं की बापूसरांनी पाठवलं होतं. त्याबरोबर सरांचा चेहरा उजळला. “बापूसरांनी? मग आधी नाही का सांगायचं. आम्ही सगळे त्यांच्याच हाताखालून गेलोय. तो मंगल कार्यालयातला क्लासवालासुद्धा. काय दरारा होता. त्यांच्यासमोर ‘नाही समजलं’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.”

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तृप्ती ओसरीवर आली तेव्हा मंडळी जमलेली होती. यावेळी तिने नमस्कार केला नाही.

“जाऊन आले,” ती म्हणाली. “एकाने मला आर्ट्सच्या बसमध्ये बसवलं. दुसऱ्याने वडिलांच्या गिरणीत. आता सांगा, कुणाकडे शिकवणी लावू?”

बापूसर समाधानाने हसले. हे होणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं घडलं की ज्ञानी माणसांना फार बरं वाटतं. त्यांनी घसा साफ केला आणि मंडळींकडे वळून ते बोलू लागले.

“गुरूची परीक्षा त्याच्या ज्ञानावरून होत नसते. शिष्य ‘समजलं’ म्हणतो तेव्हा कोणीही गुरू असतो. शिष्य ‘नाही’ म्हणतो, त्या क्षणी गुरूचं खरं रूप प्रकट होतं. पहिल्या नकाराला तो ज्ञान दाखवतो, दुसऱ्या नकाराला स्वभाव, आणि तिसऱ्या नकाराला हृदय. म्हणून मी तुला तीन वेळा नाही म्हणायला सांगितलं.” पोस्टमास्तरांनी मान डोलावली. बापूसर तृप्तीकडे वळले. “समजलं का, बाळ?”

आता रीतसर दृष्टांत असता तर तिचे डोळे पाणावले असते, ती वाकून पाया पडली असती आणि मंडळी चहाला गेली असती.

“नाही,” तृप्ती म्हणाली.

बापूसरांना वाटलं, भाषा जड झाली असेल. त्यांनी तेच सोपं करून सांगितलं. जो चिडत नाही तो गुरू, असं काहीसं.

“नाही समजलं.”

“अगं, यात न समजण्यासारखं काय आहे?”

वाक्य तोंडातून गेलं आणि तृप्ती त्यांच्याकडे बघत राहिली. “हेच. अगदी याच शब्दांत म्हणाले ते सर. तुमचेच विद्यार्थी ना ते?”

पोस्टमास्तर पुढे सरसावले. “मुली, मोठ्यांशी बोलायची ही रीत नव्हे.”

“काका, मी गरिबासारखी बोलले तेव्हा तुम्ही सगळे हसलात,” ती म्हणाली. “आता थोडं ऐकून घ्या.” आणि बापूसरांना म्हणाली, “तुम्हाला आधीच माहीत होतं की दोघंही शिकवणार नाहीत. मग मला पाठवलंत कशाला? माझी फजिती होऊन तुमचा दृष्टांत पुरा व्हावा म्हणून? मला दृष्टांत नको होता हो. मला शिकवणी हवी होती. माझं वर्ष जातंय. वर्ष गेलं की मी गेले. तुम्हाला रसायनशास्त्र येतं, तुम्हाला सगळी संध्याकाळ मोकळी आहे आणि चांगला गुरू कसा असतो हेही पाठ आहे. तर मग तुम्ही का शिकवत नाही? मला एवढंच समजलेलं नाही. तीन वेळा विचारलंत तर तीन वेळा हेच सांगेन.”

बापूसरांच्या चेहऱ्यावर राग आला; तो तिने आधी दोन चेहऱ्यांवर पाहिला होता, त्यामुळे तिला तो लगेच ओळखता आला. आता हे वडिलांचं विचारतील, असं तिला वाटलं. ती वळून निघणार होती.

पण बापूसर तसेच बसून राहिले आणि तो राग हळूहळू चेहऱ्यावरून उतरला. मग ते उठले. पलीकडे पडलेली एक खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

“बस,” ते म्हणाले. “कुठपर्यंत समजलं होतं?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ‘काय समजलं नाही’ असं सगळे विचारत, पोलिस विचारतात तसं. ‘कुठपर्यंत समजलं’ असं विचारलं की माणूस मागे वळून आपली वाट पाहू शकतो. तृप्तीने पाहिलं. बफरच्या मागे, रासायनिक समतोलाच्या मागे, बारावीच्याही मागे, जिथे तिने पहिल्यांदा वर्गाच्या सुरात सूर मिसळून ‘हो सर’ म्हटलं होतं, तिथे ती पोचली.

“मोल,” ती म्हणाली.

“मोलचं काय?”

“मोल म्हणजे काय, तेच.”

पोस्टमास्तरांना हसू आलं. बापूसरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते हसू परत गेलं. कॉलेजात पोचलेल्या मुलीला अकरावीतली पहिली गोष्ट माहीत नव्हती, आणि मधल्या कुणालाही, एकाही मास्तराला, ते कळलं नव्हतं. मास्तर बहुधा फळ्याकडे बघत असावेत.

बापूसरांनी व्याख्या सांगितली. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितक्या कणांचा समूह.

“नाही कळलं,” तृप्ती म्हणाली.

आपल्याला ‘नाही’ ऐकायची मुळीच सवय नाही, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. ते विचारात पडले. ओसरीवरची मंडळी एकेक करून उठून गेली. दृष्टांत नसेल तर त्यांचं तिथे काम नव्हतं.

“तू खिळे आणायला कधी दुकानात गेलीस?” बापूसरांनी विचारलं.

“हो.”

“दुकानदार मोजून देतो?”

“नाही, तोलून देतो.”

“सुताराला तर मोजूनच लागतात. मग तोलून घेतलेले त्याला चालतात कसे?”

तृप्तीने विचार केला. “एका खिळ्याचं वजन माहीत असलं, की तोललेल्यात किती आले ते कळतं.”

“आता समज, बारके खिळे आणि मोठे खिळे, दोन्ही सारख्याच संख्येने हवेत. वजन सारखं येईल?”

“कसं येईल? मोठ्यांचं जास्त भरणार.” ती थांबली. मग हळूहळू, खुर्चीच्या कडेला सरकत म्हणाली, “म्हणजे कार्बनचे अणू बारके खिळे. बारा ग्रॅम. ऑक्सिजनचे मोठे, म्हणून सोळा ग्रॅम. पण दोन्हीकडे नग सारखेच. मोल म्हणजे ठरावीक नग. अणू मोजता येत नाहीत म्हणून आपण तोलतो.”

बापूसरांच्या तोंडाशी ‘समजलं का’ आलं होतं. ते त्यांनी गिळलं. “मग अठ्ठेचाळीस ग्रॅम ऑक्सिजनच्या अणूंचे मोल किती होतात, ते तू मला सांग. आणि कसे, तेही.”

तिने सांगितलं. बरोबर सांगितलं. मग तिने स्वतःहून आणखी एक उदाहरण घेतलं, ते चुकलं, आणि कुठे चुकलं तेही तिलाच सापडलं.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ती उठली. “बापूसर, उद्या येऊ?”

“ये,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “जरा उशिरा आलीस तरी चालेल. मला तयारी करावी लागेल. आज तुला खिळ्यांचं कळलं नसतं, तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. एवढी वर्षं शिकवलं, पण दुसरं काही लागेल असं कधी वाटलंच नाही.”

तृप्ती त्यावर काही बोलली नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण समोरचा माणूस आपल्याआपणच तिथे पोचला होता, आणि अशा वेळी ढकलायचं नसतं, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

ऑक्टोबरात तिचा पेपर सुटला. फार डोळे दिपवणारे गुण पडले नाहीत, पण बफरवरचा प्रश्न तिने नोट्स न घोकता, स्वतःच्या शब्दांत लिहिला, आणि घरी ठरलेलं टळलं. ओसरीवरचे दृष्टांत मात्र बंद पडले. पोस्टमास्तरांची तक्रार अशी की बापूसर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. काही सांगायला गेलं की ‘कुठपर्यंत समजलं’ असं उलट विचारतात.

मुलांना ‘समजलं का’ असं विचारण्याआधी, ‘नाही’ ऐकून घेण्याइतका वेळ आणि धीर आपल्यापाशी आहे का, ते मोठ्यांनी बघावं. नसेल तर विचारूच नये.