भेटीऐवजी तक्रार

चीनच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. नाडीवर बोटे ठेवली की रोग्याने न सांगितलेलेही त्यांना कळते, अशी त्यांची ख्याती होती. रुईशान नावाचा शिष्य कित्येक वर्षे त्यांच्याकडे वैद्यकी शिकत होता. त्याचेही नाव सर्वांना ठाऊक होते, पण ते वेगळ्या कारणाने. आईबाप आपल्या मुलांना त्याचे उदाहरण देत. कारण त्याने वडिलांना जन्मात कधी ‘नाही’ म्हटले नव्हते.

त्याचे वडील जवळच्या गावात कागदी छत्र्या करीत. बांबूच्या काड्या, त्यांवर डकवलेला कागद, कागदावर तेलाचा हात आणि शेवटी कुंचल्याने काढलेली फुले. आई लवकर गेली, तेव्हापासून घरात बापलेक दोघेच. रुईशान त्या तेलाच्या वासातच वाढला. पुढे तो हाताशी आला, तसे वडील एक दिवस म्हणाले, “तुला वैद्यांकडे शिकायला ठेवावे म्हणतो. जाशील का?” त्याला छत्र्याच करायच्या होत्या. पण त्याने हसून मान लववली आणि म्हणाला, “जशी आपली आज्ञा.”

तेव्हापासून शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला तो न चुकता घरी जाई. भेटवस्तू नेई, वडिलांपुढे गुडघे टेकी, त्यांचे पाय चेपी.

“सगळे ठीक ना?” वडील विचारत.

“आपल्या कृपेने ठीक. आपली प्रकृती?”

“माझेही ठीकच.”

मग दोघे अंगणात चंद्राकडे बघत बसत. सकाळ झाली की तो परत निघे.

ठीक मात्र काहीच नव्हते. रुईशानला झोप लागत नसे. अन्न गोड लागत नसे. रोग्यांना तो अचूक औषध देई, पण बरा झालेला माणूस हसत दाराबाहेर पडला, तरी याच्या मनात काही हलत नसे. वैद्यांनी त्याला नाना काढे देऊन पाहिले. एकाचाही गुण आला नाही.

त्या वर्षी सण जवळ आला. रुईशानने शक्तिवर्धक मुळ्या, सणाच्या गोड वड्या आणि एक उबदार अंगरखा असे गाठोडे बांधले आणि तो गुरूंचा निरोप घ्यायला गेला. वैद्यांनी त्याच्या हातातून गाठोडे काढून घेतले आणि आपल्या कपाटात ठेवून दिले.

“यंदा रिकाम्या हाताने जा,” ते म्हणाले, “आणि वडिलांकडे एक तक्रार कर.”

“तक्रार? कोणाची?”

“त्यांचीच. पण खरी हवी.”

“गुरुजी, या वयात त्यांचे मन दुखवू? मग मुलगा म्हणवून घेण्याची तरी माझी योग्यता राहील का?”

“कडू लागते म्हणून रोग्याला औषध द्यायचे टाळतोस का?” एवढेच बोलून वैद्य आत निघून गेले.

तो घरी पोहोचला तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. त्याने नमस्कार केला. नेहमीचे प्रश्न झाले, नेहमीची उत्तरे झाली. जेवण झाले. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. अखेर तो म्हणाला,

“बाबा, तुम्ही मला वैद्यांकडे का धाडलेत? मला जायचे नव्हते. मला इथे, तुमच्याजवळ, छत्र्या करायच्या होत्या.”

बोलून गेला आणि त्याने डोळे मिटून घेतले. आता बाप गरजेल, असे त्याला वाटले. पण त्याने वर पाहिले, तर म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

“तू हसला होतास रे,” वडील म्हणाले. “मला वाटले, पोराला सुटल्यासारखे झाले. तू जाऊ नयेस असेच मला वाटत होते. पण माझ्यापायी तुझे हात उगाच तेलात काळे व्हायला नकोत, म्हणून मी धीर करून विचारले. तू ‘नाही’ म्हणशील, या आशेवर विचारले.”

रुईशान म्हणाला, “मग आता शिकवा. मी परत येतो.”

“आता?” वडिलांनी हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. “मला आता तुझे तोंडही दिसत नाही, बाळा. बरेच दिवस झाले. तुला घोर लागू नये म्हणून बोललो नाही. हत्यारे गेल्याच वर्षी देऊन टाकली.”

रुईशान परतला तो वैद्यांच्या पायांशी कोसळलाच. “गुरुजी, मी मुलाच्या धर्मात काय कमी केले? आज्ञा पाळली, सेवा केली. मी वैद्य, आणि माझ्या बापाची दृष्टी गेली हे मला कळले नाही!”

वैद्यांनी त्याला उठवून बसवले. “सेवेत तू कमी केले नाहीस. पण वडिलांना तू एक आज्ञाधारक मुलगा दिलास आणि स्वतःला त्याच्या मागे लपवलेस. तेही तुझ्यापासून तसेच लपले. दोघांनीही मायेपोटीच केले हे. पण ज्याचे दुःख आपल्याला ठाऊक नाही, त्याचे पाय चेपले तरी आपण त्याच्यापासून दूरच असतो. तुझी नाडी मला हेच सांगत होती. त्यावर माझ्याकडे काढा नव्हता.”

“आता मी काय करू?”

“तेही मलाच विचारतोस?” वैद्य हळूच म्हणाले. “घरी जा. त्यांना विचार.”

थंडी पडायच्या आत रुईशान घरी राहायला गेला. छत्र्यांचे दुकान पुन्हा उघडले नाही; ते दिवस गेले होते. पण संध्याकाळी त्या घरातून आता मोठ्याने बोलणे ऐकू येई. मीठ जास्त झाले म्हणून बाप कुरकुरे. बापाने थंडीत बाहेर बसू नये म्हणून मुलगा रागावे. कधी आईचा विषय निघे आणि दोघेही रडत. शेजारी म्हणू लागले, इतका गुणी मुलगा, कसा बिघडला! मुलगा मात्र अंथरुणाला पाठ टेकताच झोपू लागला होता.

हिवाळा सरता सरता वडील गेले.

अंत्यविधीला जमलेल्या लोकांनी रुईशानच्या आज्ञाधारकपणाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्यांतल्या एकाही गोष्टीत त्याला त्याचे वडील सापडले नाहीत. ते त्याला भेटले होते ते त्या एका हिवाळ्यात. आणि आधीचे इतके हिवाळे त्याने ‘सगळे ठीक आहे’ म्हणत दवडले होते.